आधी पायवाट, मग पेला: नापा-सोनोमातली सकाळ कशी आखावी

पहिल्या खेपेला मी सगळं उलटं केलं होतं. जुलैचा महिना, आरामात नाश्ता, आणि सकाळी साडेनऊला माउंट सेंट हेलीनाची चढण सुरू. अर्धी वाट चढून होईस्तोवर धुकं विरलं होतं आणि पुढच्या रुंद मातीच्या रस्त्यावर सावलीचं नाव नव्हतं. माथ्यावरून परतताना पाणी संपलं. दुपारी दोनला वायनरीत, म्हणजे वाइन बनवतात त्या ठिकाणी, टेस्टिंगला (वाइन चाखायला) पोहोचलो तेव्हा तोंड कोरडं, डोकं ठणकत होतं. दुसऱ्या पेल्यातल्या वाइनचा वासच कळेना. साठ डॉलर दिले होते, समोरची बाई मनापासून प्रत्येक वाइनची माहिती सांगत होती, आणि मी फक्त पाण्याचे ग्लास रिकामे करत होतो.

त्यानंतर बऱ्याच सकाळी तिथे घालवल्या. आता माझं ठाम मत आहे की वाइनच्या प्रदेशात पहाटेची भटकंती हा टेस्टिंगचाच पहिला भाग आहे. पेल्यात जे उतरतं ते धुकं, ती उंची, तो खडक तुम्ही दोन तास आधी पायाखाली घातलेला असतो. मात्र त्यासाठी वाट आणि वायनरी यांची जोडी विचार करून जुळवावी लागते आणि मधला तास-दीड तास काटेकोरपणे जपावा लागतो. हा लेख त्या आखणीचा आहे. ठिकाण कॅलिफोर्नियातली नापा आणि सोनोमा ही जुळी खोरी. सॅन फ्रान्सिस्कोहून नापा शहर साधारण ८० किलोमीटर.

टेस्टिंगच्या वेळेपासून मागे मोजा

उठायची वेळ आधी ठरवू नका. आधी टेस्टिंगची वेळ पक्की करा आणि तिथून मागे या.

बहुतेक वायनरी सकाळी दहा-अकराला उघडतात. जाणकारांना सकाळची वेळच आवडते, कारण जिभेवर अजून दिवसभराचं खाणं साचलेलं नसतं. नापात आगाऊ बुकिंग जवळपास सक्तीचं समजा. १९९० साली नापा काउंटीने वायनरींविषयी एक नियमावली केली. तिच्यानंतर परवाना मिळालेल्या वायनरींना केवळ आधी वेळ घेतलेल्या पाहुण्यांनाच टेस्टिंग देता येतं. जुन्या काही ठिकाणी असंच शिरता येतं, पण शनिवार-रविवारी त्या भरवशावर राहू नये. सोनोमात जरा मोकळीक आहे. खर्चाचा अंदाज घ्यायचा तर नापात माणशी ४० ते १०० डॉलर सहज लागतात, नावाजलेल्या ठिकाणी त्याहून जास्त. सोनोमात सहसा कमी. बाटल्या घेतल्या तर अनेकजण टेस्टिंगचे पैसे वळते करतात, तेवढं बुकिंग करतानाच विचारून घ्या.

आता हिशेब. समजा साडेअकराची वेळ मिळाली. त्याआधी दीड तास खाणं, पाणी, हात-तोंड धुणं आणि कपडे बदलणं यासाठी सोडा. म्हणजे दहा वाजता तुम्ही गाडीपाशी परतलेले हवेत. तीन तासांची वाट असेल तर सातला पाऊल टाका. जूनअखेर इथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, त्यामुळे सात म्हणजे चांगलंच उजाडलेलं असतं. डिसेंबरअखेर मात्र सूर्योदय सव्वासातच्या पुढे जातो आणि बऱ्याच उद्यानांत सूर्योदयाआधी शिरायला परवानगी नाही. हिवाळ्यात म्हणून एकतर वाट छोटी घ्या किंवा टेस्टिंग दुपारी एकवर न्या. मी दुसरा पर्याय घेतो. हिवाळ्यातलं ऊन कोवळं असतं, घाईचं कारण नाही.

फाटकाच्या वेळाही आदल्या दिवशी पाहून घ्या. रेडवुड या उंच झाडांच्या प्रसिद्ध आर्मस्ट्राँग राईचं फाटक आठला उघडतं, ग्लेन एलनचं जॅक लंडन उद्यान नऊला. तिथे पहाटे पाचला उठून जाण्यात अर्थ नाही.

आधी धुकं समजून घ्या

या प्रदेशाची गुरुकिल्ली धुकं आहे. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचा आतला सपाट भाग भट्टीसारखा तापतो. तिथली हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला पॅसिफिक महासागरावरची गार, दमट हवा आत ओढली जाते. ती गोल्डन गेट सामुद्रधुनीतून सॅन पाब्लो उपसागरावर येते आणि रात्रीतून नापा खोऱ्यात दक्षिणेकडून शिरते. पहाटे खोरं दुधाने भरलेल्या परातीसारखं दिसतं. साडेनऊ-दहा-अकराच्या दरम्यान धुकं विरतं, मग तापमान भराभर चढतं. सकाळी अंगावर जाकीट आणि दुपारी पस्तीस अंश, हे एकाच दिवसात घडतं.

यामुळेच इथे नेहमीचा अंदाज उलटा पडतो. उत्तरेकडे जावं तसं गार व्हायला हवं, पण नापा खोऱ्यात दक्षिण टोक थंड आणि उत्तरेचं कॅलिस्टोगा उष्ण. उपसागराला लागून असलेल्या कार्नेरोसमध्ये धुकं आणि वारा जास्त, म्हणून तिथे शार्दने आणि पिनो न्वार या थंडी मानवणाऱ्या जाती. वर कॅलिस्टोगाकडे काबर्ने सोव्हिन्यों ऐटीत पिकते.

दुसरी गंमत उंचीची. धुक्याचा थर फार जाड नसतो. पूर्वेच्या डोंगरावर हॉवेल माउंटन नावाचा अधिकृत द्राक्षप्रदेश आहे आणि त्याची हद्द १,४०० फुटांच्या समोच्च रेषेपासून सुरू होते, म्हणजे साधारण धुक्याच्या वरून. वरच्या बागांना पहाटेपासून ऊन मिळतं. रात्री गार हवा जड होऊन खाली उतरते, त्यामुळे वर रात्र तुलनेने उबदार आणि खाली गारठलेली. दुपारी मात्र खोरं तापतं आणि डोंगरावर हवा नरम असते. हे सगळं माहितीपत्रकात वाचायला मिळतंच. पण पहाटे चढताना एका वळणावर अंगावरचा ओलावा एकदम जातो, हवा कोरडी आणि कोमट होते आणि मागे वळून पाहिलं तर खाली पांढरा समुद्र दिसतो, तेव्हा ते अंगाला कळतं. ज्या वळणावर हे घडलं तिथली उंची फोनवर पाहून लक्षात ठेवा. नंतर टेस्टिंगच्या टेबलावर ती कामाला येते.

आदल्या रात्री हवामानाचा अंदाज पाहताना ‘किनारी ढगांचा थर’ असा उल्लेख असेल तर वरची वाट निवडा. आकाश निरभ्र राहणार असेल तर खालची सपाट वाटही तितकीच छान.

वाट आणि वायनरी यांची जोडी

वेळ आणि दमसास असेल तर सगळ्यात समाधान देणारी जोडी म्हणजे माउंट सेंट हेलीना आणि कॅलिस्टोगा. कॅलिस्टोगाहून २९ नंबरचा महामार्ग वळणं घेत डोंगर चढतो आणि सुमारे ११ किलोमीटरवर खिंडीत रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन स्टेट पार्कचं वाहनतळ येतं. शिखराची वाट रस्त्याच्या एका बाजूला सुरू होते, टेबल रॉककडे जाणारी दुसऱ्या बाजूला. वळणावर रस्ता ओलांडताना गाड्यांचा आवाज नीट ऐकून घ्या. इथे पाणी नाही, स्वच्छतागृह नाही. दोन्ही गोष्टी कॅलिस्टोगात उरकूनच वर या.

सुरुवातीचा जेमतेम एक किलोमीटर दाट झाडीतून, नागमोडी वळणांनी जातो आणि एका छोट्या मोकळ्या जागी संपतो. १८८० च्या उन्हाळ्यात स्कॉटिश लेखक स्टीव्हन्सन नवविवाहित पत्नी फॅनीसह इथल्या ओसाड पडलेल्या चांदीच्या खाणीवरच्या खोपटात राहिला होता. पैशाची ओढाताण होती आणि छातीचं दुखणं होतं. खालच्या खोऱ्यातलं धुकं टाळण्यासाठी तो वर आला होता. त्या खोपटाच्या जागी आता स्मारक आहे. घाई असेल तर इथून परतलं तरी सकाळ सार्थकी लागते, पण धुक्याचा समुद्र पाहायचा तर अजून पुढे, उघड्या रस्त्यावर निघावं लागतं. तिथून माथ्यापर्यंत रुंद, मातीचा, सावली नसलेला रस्ता आहे. एका बाजूचं अंतर साधारण आठ किलोमीटर, चढ दोन हजार फुटांवर, शिखर ४,३४२ फुटांवर. चालायची सवय असलेल्याला जाऊन-येऊन साडेचार ते पाच तास. म्हणून उन्हाळ्यात सहाला सुरुवात आणि टेस्टिंग साडेबाराच्या आधी नको. आकार पाहून अनेकांना हा ज्वालामुखी वाटतो. तो स्वतः ज्वालामुखी नाही, पण त्याचे खडक ज्वालामुखीतूनच आलेले आहेत. कडेच्या दरडीत पांढुरक्या राखेचे थर बोटाने खरवडता येतात.

खाली उतरल्यावर कॅलिस्टोगा परिसरातलीच वायनरी घ्या. डोंगराच्या पायथ्याशी शातो मॉन्टेलेना आहे. नाव ‘माउंट सेंट हेलीना’चंच आकुंचित रूप. १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी नाव झाकून वाइन चाखल्या. तेव्हा पांढऱ्या वाइनमध्ये पहिली आली ती यांची १९७३ सालची शार्दने. तांबड्यांत पहिली आलेली काबर्नेही नापाचीच, स्टॅग्स लीप वाइन सेलर्सची.

पाच तास नको असतील तर रस्त्यापलीकडची टेबल रॉकची वाट घ्या. जाऊन-येऊन सुमारे सात किलोमीटर, चढ-उताराची, शेवटी कड्यावरून खोऱ्याचं दर्शन. परतताना पुन्हा चढ लागतो हे विसरू नका.

लहान मुलं किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर सेंट हेलीना गाव आणि कॅलिस्टोगा यांच्यामधलं बोथी-नापा व्हॅली स्टेट पार्क योग्य. रिची क्रीक या ओढ्याच्या काठाने जाणारी सावलीची वाट रेडवुडच्या झाडांमधून जाते. रेडवुड हे किनाऱ्याच्या धुक्यावर जगणारं झाड, समुद्रापासून इतकं आत ते क्वचितच आढळतं. हवी तेवढी वाट चालून परता. इथूनच एक जुनी वाट १८४६ च्या पाणचक्कीपर्यंत जाते.

चढ अजिबात नको असेल तर व्हाइन ट्रेल. नापा शहरापासून यॉन्टव्हिलपर्यंतचा हा डांबरी, सपाट मार्ग द्राक्षबागांच्या कडेने जातो. सेंट हेलीना ते कॅलिस्टोगा हा टप्पा २०२४ मध्ये खुला झाला. यॉन्टव्हिलकडून सूर्योदयाला निघालात तर गरम हवेचे फुगे हवेत चढताना दिसतात. बर्नरचा फुसकारा आधी ऐकू येतो, मग धुक्यातून रंग वर येतो. महामार्ग शेजारीच असल्याने शांतता मात्र मिळत नाही. खरं सांगायचं तर चालण्यापेक्षा सायकलला हा मार्ग जास्त चांगला.

गाडी चालवायचीच नसेल तर सोनोमा गावाला पर्याय नाही, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला मी हेच सुचवतो. गावातल्या डोंगरावरच्या दफनभूमीजवळून सोनोमा ओव्हरलुक ट्रेल सुरू होतो. जाऊन-येऊन पाच किलोमीटरच्या आसपास, ओक आणि मॅन्झनिटाच्या झाडीतून वर एका गवताळ माळावर. तिथून गाव, द्राक्षबागा आणि स्वच्छ हवेत दूरवर उपसागर दिसतो. दीड तासात खाली. मग मुक्कामी जाऊन आवरा आणि चालतच गावच्या चौकात या. १८२३ साली स्थापन झालेलं जुनं ख्रिस्ती मिशन या चौकाच्या कोपऱ्यावर आहे आणि भोवताली अनेक वायनरींच्या टेस्टिंग रूम आहेत. एकातून दुसऱ्यात पायी जाता येतं. गाडीची चिंता मिटली की टेस्टिंगची अर्धी कटकट संपते.

जरा दमदार वाट हवी तर केनवुडजवळचं शुगरलोफ रिज स्टेट पार्क. तिथल्या बाल्ड माउंटनवरून (२,७२९ फूट) एका अंगाला नापा, दुसऱ्या अंगाला सोनोमा खोरं दिसतं आणि लख्ख सकाळी गोल्डन गेटही. २०१७ आणि २०२० च्या वणव्यांनी हे उद्यान होरपळलं. काळे बुंधे आणि त्यांच्या पायथ्यातून फुटलेली हिरवी पालवी शेजारी-शेजारी दिसते. पावसानंतर गेलात तर सोनोमा क्रीकचा धबधबा वाहता मिळतो. उन्हाळ्यात तो जवळपास आटतो.

आणि पिनो न्वार आवडणाऱ्यांसाठी गर्नव्हिलची आर्मस्ट्राँग रेडवुड्स राई. तीनशे फुटांहून उंच झाडांखालची सपाट वाट, तासाभराचा फेरा. तिथून रशियन रिव्हर खोऱ्यातल्या वायनरी लगतच आहेत. ज्या धुक्यावर हे वृक्ष हजार वर्षं जगले त्याच धुक्याने तिथली पिनो नाजूक ठेवली आहे. नकाशावर इतकी नेमकी जोडी दुसरी नाही.

पाठीवर काय घ्यावं

पाणी माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात मोठ्या चढणीला तीन. अंगावर थरांचे कपडे, कारण पहाटेचं जाकीट नऊला कमरेला बांधायचं असतं. बॅटरी, शिट्टी, आधीच उतरवून ठेवलेला नकाशा. डोंगरात फोनला रेंज नसते. मूठभर खारवलेला सुकामेवा. गाडीत वेगळ्या पिशवीत स्वच्छ शर्ट, मोजे, बूट, टॉवेल, बिनवासाचा साबण आणि जास्तीचं पाणी. ही पिशवी आणि बाकी सामान डिकीत, निघण्यापूर्वीच ठेवलेलं; वाहनतळावर पोहोचल्यावर सामान हलवत बसलात तर काचा फोडणाऱ्यांना आमंत्रण मिळतं. ओळखपत्र विसरू नका. दारू पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे आणि केस पिकलेल्यांकडूनही पासपोर्ट मागितला जाऊ शकतो.

कुत्रा बरोबर असेल तर लक्षात घ्या, यातल्या बहुतेक स्टेट पार्कांच्या पायवाटांवर कुत्र्यांना बंदी आहे. नापा शहरातलं ऑल्स्टन पार्क त्यासाठी चांगलं.

वाटेवरच्या सावधगिरी

पॉयझन ओक हा इथला खरा उपद्रव. आपल्याकडे खाजकुइलीला जसे बिचकतो तसं इथे याला बिचकावं, फक्त याची खाज लगेच सुटत नाही, एक-दोन दिवसांनी उठते आणि आठवडा-दोन आठवडे टिकते. तीन-तीन पानांचा झुबका, वसंतात तकतकीत हिरवा, शरदात सुंदर लाल. हिवाळ्यात पानं झडतात, पण नुसत्या काड्यांतही तेच तेल असतं. पानं ओळखता येईनात तर वाटेच्या मधून चाला आणि बाजूचं काहीही धरू नका. अंगाला लागल्याची शंका आली की साबण लावून, घासून, शक्य तितक्या लवकर धुवा. कपडे वेगळे ठेवा. ते तेल कपड्यांवरून गाडीच्या सीटवर आणि तिथून दुसऱ्याच्या हातावर जातं.

गवतातून गोचीड चिकटतात आणि त्यांतल्या एका जातीमुळे लाइम रोग होऊ शकतो. खाली आल्यावर पोटऱ्या, गुडघ्यामागची खळगी, कंबर, मान तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. खडखड्या साप पहाटे गारव्यात सुस्त असतो, ऊन चढलं की वाटेवर येऊन पडतो. उतरताना नजर पावलापुढे ठेवा आणि खडकाच्या कपारीत हात घालू नका. पहाट आणि तिन्हीसांज ही माउंटन लायनची, म्हणजे प्यूमा या मोठ्या रानमांजराची, फिरायची वेळ. तो दिसणं फार दुर्मीळ, पण दिसलाच तर पळू नका. उभे राहा, हात पसरून मोठे दिसा, मुलांना उचलून घ्या, मोठ्याने बोला आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका.

ऑगस्ट ते नोव्हेंबर वणव्याचा काळ. ‘रेड फ्लॅग’ इशारा असेल तर डोंगरातली वाट रद्द करा, उद्यानंही बंद होऊ शकतात. हवेत धूर असेल तर चालणं तर बाधतंच, वासही मारला जातो.

बागेच्या कडेने चालताना

वेलींच्या ओळी कितीही मोहक दिसल्या तरी त्या कुणाच्या तरी मालकीच्या आहेत. परवानगीशिवाय आत शिरू नका, घड तोडू नका. यामागे केवळ शिष्टाचार नाही. भुरी या बुरशीरोगासाठी गंधक आणि इतर फवारे मारलेले असतात. फवारणीनंतर ठरावीक वेळ आत पाऊल टाकायचंच नसतं. शिवाय बुटांच्या मातीतून रोग-किडी एका बागेतून दुसरीत जातात. फायलोक्सेरा ही मुळं खाणारी बारीक कीड. १९८० च्या दशकात तिने एएक्सआर-१ या लोकप्रिय खुंटावरच्या (ज्याच्या मुळांवर द्राक्षाचं कलम करतात त्यावरच्या) बागा पोखरल्या आणि पुढच्या वर्षांत नापातल्या हजारो एकरांवर नव्याने लागवड करावी लागली. बागायतदाराच्या मनात ती आठवण ताजी आहे. वायनरीच्या दारात बूट झाडूनच जा.

कडेवरून मात्र डोळे भरून पाहा. जानेवारी ते मार्च ओळींमध्ये पिवळी मोहरी फुललेली असते. मार्च-एप्रिलमध्ये वेलींना कोंब फुटतात, आणि दव गोठायच्या पहाटे मोठे पंखे घरघरत वरची उबदार हवा खाली ढकलत असतात. पहिल्यांदा तो आवाज ऐकून मला जवळच हेलिकॉप्टर आहे असं वाटलं होतं. मे महिन्यात बारीक फुलोरा. जुलै-ऑगस्टमध्ये मण्यांत पाणी उतरतं; एकाच घडात हिरवे, गुलाबी, जांभळे मणी दिसतात. वेलीजवळ न जाताही कुंपणाबाहेरून ते टिपता येतं. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत तोडणी, तीही बरीचशी रात्री, दिव्यांच्या झोतात, कारण गार द्राक्षं टणक राहतात. तुम्ही पहाटे निघता तेव्हा ती माणसं रात्रभराचं काम संपवत असतात. अरुंद रस्त्यांवर ट्रॅक्टरला वाट द्या, हॉर्न वाजवू नका.

चालताना नाकालाही काम द्या. बे लॉरेलचं पडलेलं एखादं पान, आधी नीट ओळखून, चुरडून हुंगा: आपल्या तमालपत्रासारखा, पण कितीतरी तीव्र वास. रेडवुडच्या कुजट-गोड पालापाचोळ्याचा, दवाने ओल्या धुळीचा, निलगिरीचा. निलगिरीच्या रांगेलगतच्या वेलींच्या वाइनमध्ये तो वास खरोखर उतरतो. सकाळी ओळख झालेली असली की दुपारी पेल्यात तो लगेच सापडतो. फक्त बे लॉरेलचं तेल बोटांना चिकटून राहतं, म्हणून पुढचा तास महत्त्वाचा.

मधला तास

सगळ्यात जास्त सकाळी इथेच वाया जातात. लोक डोंगरावरून थेट वायनरीत जातात.

आधी पाणी. खाली आल्याआल्या अर्धा-पाऊण लिटर, घोट-घोट. अल्कोहोल शरीरातलं पाणी बाहेर टाकायला लावतं; घामाने आधीच कोरडे झालेले असाल तर दोन तोटे एकत्र होतात. लघवी गडद असेल तर अजून पाणी हवं.

मग खाणं. रिकाम्या पोटी अल्कोहोल झपाट्याने रक्तात जातं. अंडी, चीज, पाव, दाणे, दही असं प्रथिनं आणि थोडं स्निग्ध असलेलं पोटभर खा. तिखट, लसूण, कच्चा कांदा त्या वेळी नको. कॉफी प्यायची असेल तर टेस्टिंगच्या निदान तासभर आधी. दात घासायचे तर कॉफीच्याही आधी. पेस्टमधल्या पुदिन्यावर कुठलीही वाइन आंबट-कडू लागते. च्युइंगगमही तसंच.

शेवटी अंग. सुगंधी सनस्क्रीन, डास-किडे पळवणारं मलम, डिओ, अत्तर यांचा वास तुमच्या तर वाइनवर चढतोच, शेजारच्यांच्याही टेस्टिंगची माती करतो. बिनवासाचं सनस्क्रीन सकाळीच वापरा. हात कोपरापर्यंत, मान आणि चेहरा धुवा, शर्ट बदला. गडद रंगाचा शर्ट घेतला तर तांबड्या वाइनच्या शिंतोड्यांची काळजी नाही.

टेबलावर बसल्यावर

घोटांचा हिशेब सुरुवातीलाच करा. एका वेळी साधारण ३० ते ६० मिलिलिटर ओततात आणि पाचेक वाइन असतात. साठाच्या मापाने पाच म्हणजे ३०० मिलिलिटर. नापाच्या काबर्नेत अल्कोहोल १४-१५ टक्के असतं, म्हणजे अमेरिकी मोजमापाने जवळजवळ अडीच पेग. शरीर तासाला साधारण एकच हाताळतं. दोन वायनरी केल्या तर पाच पेग, तेही दमलेल्या अंगात. म्हणून डोंगर चढलेल्या दिवशी एकच वायनरी, फार तर दोन, आणि थुंकदाणी मोकळेपणाने वापरा. ती ठेवलेली असते ती त्याचसाठी. तिथे काम करणारेही थुंकतातच, त्यात कुणाचा अपमान नाही. दोघांत एक टेस्टिंग वाटून घेता येईल का हे विचारायलाही हरकत नाही.

गाडी चालवणारा आधीच ठरलेला असावा आणि त्याने गिळू नये. कॅलिफोर्नियात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे, पण त्याखालीही वाहन नीट चालवता येत नसेल तर अटक होऊ शकते. उघडलेली बाटली सीटपाशी ठेवणं गुन्हा आहे; ती डिकीत जाते. ॲपवरची टॅक्सी नापा शहरात मिळते, खोऱ्याच्या वरच्या टोकाला तिच्यावर विसंबू नका.

आणि सकाळी लक्षात ठेवलेली ती उंची आता बाहेर काढा. ओतणाऱ्याला विचारा, ही बाग आज सकाळी धुक्याखाली होती की धुक्यावर? हा प्रश्न त्यांना फार आवडतो. मला एकदा उत्तरादाखल दोन पेले शेजारी-शेजारी मिळाले: एक खोऱ्याच्या तळातली काबर्ने, एक डोंगरावरची. तळातली मऊ, पिकलेल्या फळासारखी, पहिल्या घोटातच आपलीशी. डोंगरावरची घट्ट, हिरड्या आवळणारी, मणी लहान आणि साल जाड असल्याचं सांगणारी. तीन तासांपूर्वी मी त्या दोन्हींच्या मधोमध, ओलावा संपून ऊन सुरू होतं त्या वळणावर उभा होतो.

बाटल्या घेतल्यात तर त्या लगेच थर्माकोलच्या किंवा बर्फाच्या पेटीत घाला. उन्हात उभ्या गाडीची डिकी तासाभरात वाइन बिघडेल इतकी तापते, बूच वर सरकतं आणि गळती लागते. भटकंती आधी उरकलेली असली की वाहनतळावर बाटल्या शिजत ठेवायची वेळच येत नाही, सरळ मुक्कामाला निघता येतं.